ओलं फडकं

१

सकाळी दहापर्यंत घर रिकामं व्हायचं. हे कामावर, खारू शाळेत. खारू म्हणजे आमची मुलगी, नऊ वर्षांची. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलं. ओटा पुसून झाला की मी बादलीत पाणी घ्यायचे, त्यात तीन फडकी बुडवून पिळायचे, थेंब गळायचा थांबेल इतपतच, आणि मागच्या खोलीत जायचे.

मागची खोली वन्संची. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. पूर्वी नाटकात काम करायच्या, आता मातीचे चेहरे घडवायच्या. खोलीला एकच खिडकी, उंचावर, उत्तरेकडे. तिच्यातून उजेड यायचा, ऊन कधी यायचं नाही. एका कोपऱ्यात मातीचं पिंप, दुसऱ्यात न गळता राहील तर नवल असा नळ. भिंतीतल्या फळीवर प्लास्टरचे दोन पांढरे चेहरे. आणि मधोमध, गोल फिरत्या चौरंगावर, फडक्यांत गुंडाळून वरून प्लास्टिक घातलेला तिसरा. तो अजून मातीचाच होता. तो माझा.

ओली माती उघडी राहिली की वाळते, वाळली की तडकते. म्हणून फडकी बदलायची. पण बदलताना चेहरा क्षणभरही उघडा पडू द्यायचा नाही, हा वन्संचा दंडक. अपुरा चेहरा ज्याचा त्याने बघू नये, म्हणायच्या. मग मी नवं फडकं वरून घालायचे आणि जुनं खालून हळूच ओढून घ्यायचे. ह्यात माझा हात इतका बसला होता की डोळे मिटूनही केलं असतं. मी ते देवाचं काम म्हणूनच करत होते.

एका सकाळी जुनं फडकं हातात आलं ते कोरडं ठणठणीत. प्लास्टिकखालचं फडकं दोन दोन दिवस ओलं राहतं. बरं, सगळं कोरडं नव्हतं. डोक्यामागचा भाग चांगला ओला होता. कोरडा होता तो फक्त पुढचा, चेहऱ्यावरचा. आणि तो गरम होता. तापलेल्या पोराच्या कपाळावरची पट्टी काढावी तसा.

म्हटलं, खिडकीतून वारा येत असेल. मी चौरंग फिरवून चेहरा भिंतीकडे केला. दुसऱ्या दिवशीही फडकं पुढूनच कोरडं. भिंतीकडून.

२

वन्संनी वीस वर्षं रंगमंच गाजवला. मग एका प्रयोगाला, तिसऱ्या अंकात, मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन रडायचं होतं. आवाज रडला. चेहरा हललाच नाही. लोक आधी चूप बसले, मग मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू पुढच्या रांगेपर्यंत पसरत आलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. नसा ठीक, रक्त ठीक, आराम करा म्हणाले. दोन ट्रंका घेऊन वन्सं आमच्याकडे आल्या.

जेवायला समोर बसल्या की त्यांच्याकडे बघवत नसे. धुऊन पालथं घातलेलं ताट असावं तसा चेहरा. हे विनोद करायचे, वन्सं आवाजात हसायच्या, आणि खारू घास हातात धरून त्यांच्याकडे टक लावून बघत राहायची.

मला नेमांची सवय आहे. आईच्या दुखण्यात मी गोड सोडलं होतं. खारूच्या वेळी सहा महिने चपला सोडल्या. सोडायचं ते सोडायला जड जाईल असंच सोडायचं, नाहीतर देवाला काय फसवायचं. वन्संसाठी काय सोडावं ह्याचा मी खूप विचार केला. मला जड जाईल असं एकच होतं. मी तेव्हा भलती रागीट होते. आता कुणाला खरं वाटणार नाही, पण भांडी आपटली की शेजारच्या घरात कळायचं आज वहिनींचा पारा चढलाय.

दिव्यापुढे हात जोडून मी म्हटलं, वन्संचा चेहरा परत येऊ दे, मी वर्षभर राग सोडला.

नेम बोलून दाखवायचा नसतो. मी दाखवला. त्यांना धीर यावा म्हणून त्याच दिवशी त्यांना सांगितलं.  वन्सं म्हणाल्या, "सोडला म्हणजे ठेवला कुठे?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले.

३

माती त्यांनी त्यानंतरच आणवली. त्यांची काम करायची रीत वेगळी होती. समोरच्याला स्टुलावर बसवायचं, डावा हात त्याच्या चेहऱ्यावर ठेवायचा, स्वतःचे डोळे मिटायचे आणि उजव्या हाताने मातीत काम करायचं. डाव्या हाताला जे लागेल ते उजवा हात करी. बघून केलेलं खोटं असतं, वन्सं म्हणायच्या, वीस वर्षं मी बघूनच करत होते.

पहिला बसला आमचा इस्त्रीवाला. स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा, आणि हसताना शेवटी उचकी लागणारा. त्याचं हसू वन्संनी मातीत धरलं, त्यावर प्लास्टरचा साचा घेतला, आतली माती खरवडून काढली आणि साच्यात पांढरा चेहरा ओतला. तो फळीवर गेला. नंतर इस्त्रीवाला कपडे द्यायला आला तो मोजून ठेवून गेला. आठवडाभर तसाच. घरी काही झालंय का, मी विचारलं. नाही म्हणाला, का कोण जाणे, वहिनी, विनोद सुचतो पण पुढे जात नाही.

त्याच आठवड्यात ह्यांनी जेवताना कसलासा जुना किस्सा सांगितला आणि वन्सं हसल्या. चेहऱ्याने. गाल वर गेले, डोळे बारीक झाले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्याच्या शेवटी वन्संना उचकी लागली.

मी दिव्यापुढे जाऊन डोकं टेकलं. नेम फळतोय, एवढंच मनात आलं. देवाशप्पथ, दुसरं काही आलं नाही.

दुसरी शेजारची शिंपीणबाई. सुई बोटात गेली तरी रडेल आणि दुसऱ्याच्या लग्नात तर विचारूच नका. तिचं रडू फळीवर गेलं, आणि महिन्याभरात वन्संना जुन्या नाटक कंपनीचं बोलावणं आलं. तालमीला जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्या अशा रडल्या म्हणे की मालक स्वतः रुमाल घेऊन धावला.

मग वन्सं माझ्याकडे वळल्या. खोलीच्या दारात उभ्या राहून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "राग सोडलाच आहे ना तुम्ही? नुसता पडून वाया जाण्यापेक्षा मला द्या."

४

मी चार सकाळी बसले. गार, चिकट हात कपाळावर, भुवयांवर, जबड्यावर फिरत असायचा. राग आठवा, वन्सं म्हणायच्या. मला आठवेना. मग त्यांनीच आठवण दिली. माझ्या लग्नाला महिना झाला होता. घरात पाहुणे जमले होते आणि वन्सं मधे उभ्या राहून माझी नक्कल करत होत्या. माझी पाय ओढत चालण्याची लकब, माझं अडखळणं, मी घाबरून पदर चावते ते सुद्धा. सगळे हसून लोटपोट झाले होते. हेही.

"आठवलं?" त्यांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते. "हां. आलं. आता हलू नका. ओठ मिटून धरा."

मी ओठ घट्ट मिटून धरले.

पाचव्या दिवशी उठले तर अंग कसं हलकं झालं होतं. दूध उतू गेलं, मी बघत राहिले. खारूने शाईची दौत भिंतीला अर्पण केली, मी फडकं घेऊन भिंत पुसली. हे म्हणाले, काय गं, तुझ्या नेमाने घरात गारवा आला. कधी नव्हे ते त्यांनी माझं कौतुक केलं. मलाही बरं वाटलं.

पण हा तिसरा चेहरा काही पुरा होईना. वन्सं आरशापुढे उभ्या राहून राग आणायचा प्रयत्न करायच्या आणि भुवई सुद्धा हलायची नाही. नव्या नाटकात त्यांचा मोठा प्रवेश रागाचाच होता. एका दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"तुम्ही हात लावता का त्याला?"

नाही म्हटलं. फडकं वरून घालते, खालून ओढते.

"मी रोज संध्याकाळी ओठ मिटवून ठेवते," त्या म्हणाल्या. "सकाळी ते मिटलेले नसतात."

त्यानंतर मला तो आवाज ऐकू यायला लागला. दुपारी घर शांत असताना, मागच्या खोलीतून. खडा दाढेखाली यावा आणि आपण तो फोडू नये, नुसता चावत राहावं, तसा. माती वाळताना कुरकुरत असेल. उंदीर असेल. मी उंदरांचा सापळा लावला. सापळा रिकामा राहिला, आवाज राहिलाच.

५

एका सकाळी प्लास्टरची नवी पोती आली. वन्सं म्हणाल्या, आता तो जसा आहे तसाच साच्यात घालते. उद्याच. प्लास्टरमध्ये गेला की ओठ गप बसतील. आणि आता खारूलाही घेते.

मी विचारलं, खारूचं काय घ्यायचं?

"एकेक हसू आणि एकेक रडू किती दिवस गोळा करू, वहिनी? लेकराच्या चेहऱ्यात सगळं असतं. मिनिटाला दहा." त्यांनी हात धुतले, माझ्या पदराला पुसले. "उद्या सुट्टी आहे ना तिला? सकाळी पाठवा. आधी तिला बसवते, मग साच्याचं बघू."

मला नाही म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या मनात पूर्ण तयार होतं. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज म्हणाला, चहा ठेवू का?

दुपारी मी शिंपीणबाईकडे गेले. तिची आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. ती मशीनवर बसली होती, पाय चालत होते, चेहरा काही नव्हता.

"आईला नेलं तेव्हा टिपूस आलं नाही डोळ्यांतून," ती म्हणाली. "भावजय म्हणाली, दगड आहे ही. दगड तरी तापतो." तिने धागा दाताने तोडला. "मी त्या पांढऱ्याची भीक मागायला गेले होते तुमच्या वन्संकडे. फोडला तरी आता काही निघायचं नाही, म्हणाल्या. मातीत होतं तोवर होतं. तुमचं अजून मातीत आहे ना?"

आहे म्हटलं. रोज भिजवते.

तिने मशीन थांबवलं. "मग भिजवत राहा. आणि पोरीला देऊ नका."

संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ विषय काढला. मला वाटतं, खारूला नको बसवायला, असं म्हटलं. जसं बोलायचं होतं तसं ते आलं नाही. जणू भाजीत मीठ जरा कमी झालंय, अशा सुरात आलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, अगं, मोठ्या कलावंत आहेत त्या, पोरीचं नाव राहील. तुला खरंच नको असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, मला काय तू माहीत नाहीस?

खरंच होतं ते. पूर्वीची मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी दिव्यापुढे बसले आणि प्रथमच देवाकडे माझा राग परत मागितला. फार नको, म्हटलं. एका शब्दापुरता.

६

सकाळी मी खारूला जागं केलंच नाही. ती आपली आपण उठली आणि आत्याच्या खोलीत पळाली.

मी ओटा पुसला. बादलीत पाणी घेतलं, फडकी बुडवली, पिळली. हात थरथरत नव्हते, ह्याचंच मला वाईट वाटलं. दहा वाजले होते.

खारू स्टुलावर बसली होती, पाय लोंबकळत. वन्सं तिच्यासमोर. डोळे मिटलेले, डावा हात तिच्या डाव्या गालावर, उजव्या हातात मातीचा गोळा.

"आई, आत्याचा हात केवढा गार आहे," खारू म्हणाली. म्हणताना हसली. हसली की तिच्या डाव्या गालाला खळी पडते. ती वन्संच्या अंगठ्याखाली पडली, आणि अंगठा तिथेच थांबला. उजव्या हातातल्या मातीत हळूच एक खळगा उमटला.

"हलायचं नाही हं, बाळा," वन्सं म्हणाल्या.

खारू हलली नाही. खारू, जी पाच मिनिटं बसत नाही.

मी चौरंगापाशी गेले. वन्सं, पुरे करा, म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, भिजवून घेते हं. प्लास्टिक काढलं. नवं फडकं वरून घालायला दोन्ही हात उचलले, आणि खालचं जुनं फडकं माझ्यासमोर आत ओढलं गेलं. ओठांच्या जागी. आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा आत गेलं.

माती बसते. हवा कुठूनतरी येते. मी हे सगळं मनात म्हटलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवं फडकं खाली ठेवलं आणि जुनं ओढून काढलं.

मी त्याचं तोंड तेवढं बघितलं. पुढचं बघायचं धाडस झालं नाही. मी बसले तेव्हा ओठ मिटून बसले होते. इथे ते मिटलेले नव्हते, आणि आत दात होते. वन्संनी दात घडवले नव्हते. पुढचा एक दात जरासा तिरका होता, माझा आहे तसा.

"झाका ते, वहिनी," वन्सं मागून म्हणाल्या.

"नाही."

माझे ओठ हलले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण शेजारच्या घरात तो शब्द ऐकू गेला. शिंपीणबाईचं मशीन थांबलं. फळीवरचे दोन्ही पांढरे चेहरे एकमेकांवर आपटले. पुढे खोलीत काय झालं ते मला नीट आठवत नाही. खारू माझ्या कमरेला मिठी मारून होती आणि वन्सं दोन्ही हात स्वतःच्या चेहऱ्यावर दाबून धरत होत्या. काहीतरी आत यायला बघतंय आणि दार पुरत नाही, तसं.

खारूला विचारलं तर ती एवढंच म्हणते, आई ओरडली. अशी कधीच ओरडली नव्हती.

७

नाटकात दुसरी कुणी बाई घेतली म्हणे.

डॉक्टर पुन्हा आले. नसा ठीक, रक्त ठीक. वन्संच्या भुवया आवळलेल्या आहेत, जबडा घट्ट आहे, डोळे माझ्यावरून हलत नाहीत. झोपेतही तसाच चेहरा असतो. त्या बोलत नाहीत. मागच्याच खोलीत खुर्चीवर बसतात, मी चमच्याने भरवते. चौरंगावरचा मातीचा चेहरा गुळगुळीत झालाय, नाक ना डोळे; धुऊन पालथं घातलेल्या ताटासारखा. माझा राग काही माझ्याकडे आला नाही. दूध उतू जातं, मी पुसते. मी एवढंच मागितलं होतं की वन्संच्या चेहऱ्यावर काहीतरी यावं. ते आलं. देवाने शब्द पाळला.

खारू छान आहे. धावते, पडते, खिदळते. फक्त हसताना डावा गाल सपाट राहतो. हे म्हणतात, मोठी होतेय, मोठं होताना जातात खळ्या.

खळी गेलेली नाही. मला माहीत आहे ती कुठे आहे. वन्संच्या आवळलेल्या डाव्या गालावर, एवढ्या रागाच्या मधोमध, लहान पोरीची खळी पडलेली आहे.

त्यांची कातडी भराभर कोरडी पडते. तडे जातात. डॉक्टर म्हणाले ओलावा ठेवा, म्हणून नेमाचं वर्ष सरलं तरी माझा क्रम तोच आहे. सकाळी दहाला बादलीत पाणी, पिळलेलं फडकं, वरून नवं घालायचं, खालून जुनं ओढायचं. शिंपीणबाई म्हणाली होती, भिजवत राहा. मला त्याचा आधार वाटतो. एक दिवस ती खळी जिथली तिथे जाईल, तोवर मी एकही सकाळ चुकवणार नाही.

आज जुनं फडकं ओढायला गेले तर ते येईना. ओठांपाशी अडकलं होतं. मी हलकेच ओढून बघितलं. आतून दातांत घट्ट धरलेलं होतं.

मी रागावले नाही. वाकून, त्यांच्या कानाशी, शांतपणे म्हटलं, "सोडा, वन्सं. पोरीची खळी सुकेल."

बऱ्याच वेळाने त्यांनी सोडलं.